फ्लॉरेन्समधला एक दिवस: चित्रं, चर्च आणि दोन वेळचं जेवण नीट कसं बसवायचं

फ्लॉरेन्ससाठी एकच दिवस हाताशी असला की बहुतेक जण नकाशा उघडतात आणि जवळजवळची ठिकाणं एका माळेत ओवतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. या शहराचा जुना भाग एवढा आटोपशीर आहे, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालत जाता येतं. अंतराची अडचण इथे नाहीच, अडचण वेळांची आहे. मोठी संग्रहालयं सोमवारी बंद, चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना, कॅथेड्रलचं दार पर्यटकांसाठी पावणेचारला लागतं आणि अडीचनंतर बहुतेक हॉटेलांतली चूल विझते. म्हणून आधी वेळा मांडायच्या आणि मग रस्ते शोधायचे. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

दिवसाचं माप आधीच ठरवून टाका: एक मोठं संग्रहालय, एक लहान संग्रहालय, दोन चर्च आणि दोन निवांत जेवणं. यापेक्षा जास्त बसवायला गेलात तर दुपारी तीननंतर डोळे चित्रं पाहतात, पण मनात काही उतरत नाही. 'उफित्सीही बघू आणि डेव्हिडही बघू' हा मोह सगळ्यात जास्त दिवस बिघडवतो. उफित्सी हेच ते मोठं चित्रसंग्रहालय. मायकलअँजेलोचा मूळ डेव्हिड अकादेमिया गॅलरीत आहे. तिथलं वेगळं आरक्षण, वेगळी रांग आणि वेगळी सुरक्षा तपासणी मिळून दोन तास सहज जातात. दुसरा दिवस हाताशी असेल तरच तिकडे जा. पियात्सा देल्ला सिन्योरिया या चौकात उभा आहे तो पुतळा प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवला.

## १. आधी वार ठरवा

तिकीट काढण्याआधी वार पक्का करा, कारण बाकी सगळं त्यावरच टांगलेलं आहे.

सोमवार बाद, कारण त्या दिवशी उफित्सी आणि अकादेमिया दोन्ही बंद असतात. रविवारही बाद. सांता क्रोचे चर्च दुपारी साडेबारानंतरच उघडतं आणि कॅथेड्रल आतून पाहता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, हे ऐकून पुष्कळ जण मुद्दाम तोच दिवस धरतात. त्या दिवशी आगाऊ वेळ राखता येत नाही आणि रांगेत अख्खी सकाळ संपते.

मंगळवार चालेल, पण महिन्यातला पहिला मंगळवार टाळा. दुओमोचं, म्हणजे कॅथेड्रलचं, संग्रहालय तेव्हा बंद असतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या आखणीला ठीक आहेत. निवड हातात असेल तर गुरुवार घ्या. शनिवारी गर्दी वाढते, बुधवारी नदीपलीकडचं सांतो स्पीरितो चर्च बंद असतं आणि शुक्रवारी सांता मारिया नोवेल्ला चर्च अकराच्या सुमारास उघडतं. आयत्या वेळी बेत बदलावा लागला तर गुरुवारी पर्याय जास्त उरतात.

तपासा: तुमची तारीख २४ जून किंवा १५ ऑगस्टला तर येत नाही ना? २४ जून हा शहराच्या संरक्षक संताचा, सेंट जॉनचा सण. १५ ऑगस्टच्या मागेपुढे इटलीत सगळे सुट्टीवर जातात आणि घरगुती पद्धतीची चांगली खानावळं आठवडा-दोन आठवडे बंद असतात.

## २. आरक्षण: कुठलं आधी, कुठलं नंतर

क्रम असा ठेवा.

पहिलं, उफित्सी. सकाळी ८:१५ ची, म्हणजे दार उघडण्याचीच वेळ घ्या. रोम किंवा व्हेनिसहून त्याच दिवशी गाडीने येणार असाल तर ही वेळ गाठता येत नाही, तेव्हा ९:३० ची घ्या आणि पुढचं सगळं तासभर पुढे सरकवा. रोमहून वेगवान गाडी साधारण दीड तास घेते, व्हेनिसहून दोन. आरक्षणाच्या शुल्कासह माणशी साधारण तीस युरो धरा. संकेतस्थळ संग्रहालयाचंच आहे याची खात्री करा. हुबेहूब तसंच दिसणारी दलालांची पानं शोधात आधी येतात आणि त्याच तिकिटाचे दीडपट-दुप्पट पैसे लावतात.

तिकीट घेताना 'वासारी कॉरिडॉर'सह असलेला पर्याय चुकून निवडू नका. हा उंचावरचा मार्ग २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा खुला झाला. त्याला वेगळी वेळ लागते आणि पैसेही बरेच जास्त पडतात. या आखणीत तो बसत नाही.

दुसरं, दुओमो. इथे एक तिकीट नाही, तीन पास आहेत आणि गफलत इथेच होते. गिबेर्ती पासमध्ये संग्रहालय, बाप्तिस्मागृह आणि कॅथेड्रलखालचे जुने अवशेष येतात. जॉत्तो पासमध्ये त्यात घंटाघराची चढण जोडली जाते. ब्रुनेलेस्की पासमध्ये घुमटही येतो. किंमत साधारण १५, २० आणि ३० युरो. घुमट चढायचाच असेल तरच तिसरा पास घ्या. घुमटाची वेळ एकदा ठरली की बदलता येत नाही आणि उशीर झाला तर पैसे परत मिळत नाहीत. या लेखातल्या दिवसाला गिबेर्ती पास पुरतो.

तिसरं, रात्रीचं जेवण. दोन-तीन दिवस आधी आठची वेळ राखून ठेवा. दुपारच्या जेवणाला सहसा गरज पडत नाही.

सांता क्रोचेचं तिकीट दारात मिळतं. टेकडीवरच्या सान मिनियातो चर्चला तिकीटच नाही.

इशारा: आरक्षणाच्या ईमेलमध्ये आलेला कागद हे तिकीट आहे की नुसती पावती, हे नीट वाचा. पावती असेल तर ती आधी खिडकीवर देऊन तिकीट घ्यायचं आणि मग आतल्या रांगेत जायचं. चुकीच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहून परत फिरणारे लोक तिथे रोज दिसतात.

## ३. पिशवी, कपडे, सुटे पैसे

पिशवी लहान घ्या. पाठीवरची मोठी सॅक आणि लांब छत्री उफित्सीत सामानघरात ठेवावी लागते आणि निघताना पुन्हा तिथे रांग. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नको. प्रवासाच्या बॅगा सोबत असतील तर सकाळीच स्टेशनवरच्या सामानघरात द्या. संग्रहालयात त्या घेत नाहीत.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज, पूर्ण पँट, सगळं चालतं. बिनबाह्यांचा टॉप असेल तर ओढणी जवळ ठेवा. अर्ध्या चड्डीतल्या पुरुषांना दारातून परत पाठवतात आणि नेमकं हेच उन्हाळ्यात विसरलं जातं. टोपी आत काढायची.

सुटी नाणी ठेवा: एक युरोची चार-पाच आणि पन्नास सेंटची काही. जुन्या चर्चमधल्या अंधाऱ्या कोनाड्यांत पेटी असते. नाणं टाकलं की चित्रावर दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. नाणं नसेल तर समोरचं थोर चित्रही काळा चौकोन वाटतं. सार्वजनिक स्वच्छतागृहालाही नाणं लागतं, म्हणून संग्रहालयातली सोय वापरून घ्या.

आणखी एक वस्तू, जी फार कमी लोक नेतात: लहान दुर्बीण. भित्तिचित्रं माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर असतात. आठ पट मोठं दाखवणारी, खिशात मावणारी दुर्बीण असली तर चित्रकार जॉत्तोने रंगवलेले चेहरे दिसतात. नाहीतर नुसते रंगाचे पट्टे.

पासपोर्ट मूळचा जवळ असू द्या. तिकिटावर नाव असेल तर तो मागू शकतात.

पत्त्यांबद्दल एक गोष्ट आत्ताच डोक्यात घालून ठेवा. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका आहेत. घरांचे आकडे काळे किंवा निळे, दुकानं आणि खानावळींचे लाल. पत्त्यात आकड्यानंतर इटालियन 'आर' असेल तर तो लाल क्रमांक. लाल २५ आणि काळा २५ यांच्यात शंभर-दोनशे मीटरचं अंतर असू शकतं. 'हॉटेल सापडलंच नाही' असं सांगणारे बऱ्याचदा चुकीच्या रंगाच्या आकड्यासमोर उभे असतात.

गाडी भाड्याने घेऊन येणाऱ्यांसाठी इशारा: जुन्या शहरात परवान्याशिवाय वाहन नेता येत नाही आणि वेशीवर कॅमेरे आहेत. दंडाची नोटीस काही महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येते. गाडी बाहेर लावा आणि ट्रामने आत या.

## ४. सकाळी ८:१५: उफित्सी

दारावर आठला पोहोचा. आत गेल्यावर लांबलचक जिना चढून सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं असतं, पाहायला सुरुवात तिथूनच होते. गुडघ्यांचा त्रास असेल तर कर्मचाऱ्यांना सांगा, लिफ्ट आहे.

मार्ग एकाच दिशेने जातो. खाली उतरल्यावर पुन्हा वर येता येत नाही, त्यामुळे 'हे नंतर बघू' हा विचार इथे चालत नाही.

पहिल्या तासात गर्दी कुठे जाते ते ओळखा: सगळे धावत बोत्तिचेल्लीच्या दालनांकडे. तुम्ही आठ-सव्वाआठला आत असाल तर तुम्हीही आधी सरळ तिकडेच जा आणि मग मागे वळून सुरुवातीची दालनं पाहा. त्याच मजल्यावर असेपर्यंत मागे फिरता येतं. साडेनऊनंतर आत आलात तर उलट करा. क्रमाने चला, घाई करू नका.

काय पाहायचं, आणि कुठे थांबायचं:

सुरुवातीच्या एका मोठ्या दालनात सिंहासनावर बसलेल्या मेरीची तीन प्रचंड चित्रं समोरासमोर आहेत. चिमाब्वेचं, दूच्योचं आणि जॉत्तोचं. सगळ्या संग्रहालयात हे दालन सर्वात जास्त शिकवतं आणि लोक ते दोन मिनिटांत ओलांडतात. इथे दहा मिनिटं द्या. नजर फक्त दोन गोष्टींवर ठेवा: सिंहासन आणि गुडघे. चिमाब्वे आणि दूच्यो यांच्या चित्रांत कापडावर सोनेरी रेघा आहेत, पण आतलं शरीर जाणवत नाही. जॉत्तोच्या मेरीचं वजन आसनावर पडलेलं दिसतं, वस्त्राखाली गुडघा आहे हे कळतं. पुढच्या दोनशे वर्षांची चित्रकला या गुडघ्यातून निघाली म्हटलं तरी चालेल.

बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' लाकडी फळ्यांवर आहे, 'व्हीनसचा जन्म' कापडावर. दोन्ही १४८० च्या दशकाच्या आसपासची. 'प्रिमावेरा'समोर पायाखालच्या गवताकडे पाहा. फुलं इतकी नेमकी आहेत की त्यांच्या जाती ओळखता येतात. आधी जवळ जा, मग मागे या. बहुतेक जण उलट करतात आणि मागे आल्यावर पुढे इतरांची डोकी आलेली असतात.

लिओनार्दोचं 'अनन्सिएशन' (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता सांगतो तो प्रसंग) समोरून पाहिलं तर मेरीचा उजवा हात जरा जास्तच लांब वाटतो आणि ती चूक समजून लोक पुढे जातात. चित्राच्या उजव्या बाजूला सरका, थोडं वाका आणि तिरप्या नजरेने पाहा. हात जागेवर येतो.

मायकलअँजेलोचं गोल चित्र, 'दोनी तोंदो', याच मजल्यावर. त्याने पूर्ण केलेलं फळीवरचं हे एकमेव चित्र आहे याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. चौकटही पाहा, मूळची आहे.

दोन लांब मार्गिकांना जोडणाऱ्या तुकड्यावर खिडक्या आहेत. तिथून आर्नो नदी आणि पोंते वेक्यो पूल दिसतो. डोळ्यांना विश्रांती द्यायची ती इथे, कॅफेच्या रांगेत नको.

खालच्या मजल्यावर तित्सियानोचं 'उर्बिनोची व्हीनस', कारावाज्जोची ढालीवर रंगवलेली मेदूसा आणि आर्तेमिझिया जेंतिलेस्कीचं 'ज्युडिथ' एवढी तीन नक्की. बाकी ज्यांना शक्ती उरली आहे त्यांनी.

तपासा: वरचा मजला सोडताना १० वाजून गेले असतील तर ठीक. ११ वाजून गेले असतील तर खालच्या मजल्यावर फक्त ही तीन चित्रं आणि बाहेर.

## ५. ११:१५: कॉफी, पण उभ्याने

बाहेर पडताच समोरच्या चौकातल्या खुर्चीवर बसायची चूक करू नका. इटलीत कॉफीला दोन दर असतात, काउंटरपाशी उभ्याने घ्याल तो आणि टेबलावर आणून देतील तो. मोठ्या चौकात दुसरा दर पहिल्याच्या तिप्पट-चौपट होतो. एखाद्या गल्लीत शिरा. पुष्कळ ठिकाणी आधी कॅशवर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी सांगायची. नुसतं 'काफे' म्हटलं तर छोटा, कडक एस्प्रेसो येतो. आपल्या सवयीच्या जवळचं काही हवं असेल तर 'काप्पुच्चीनो' किंवा 'काफे लात्ते' म्हणा. नुसतं 'लात्ते' मागितलं तर पेलाभर दूध हातात मिळेल.

बाटली भरून घ्यायची असेल तर सिन्योरिया चौकातल्या पलाझ्झो वेक्योच्या बाजूला, नेपच्यूनच्या कारंज्याजवळ महापालिकेचा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. फुकट.

## ६. ११:४५: सांता क्रोचे

उफित्सीपासून चालत दहा मिनिटं. चौकात उभं राहून मुख्य दारातून आत जायचा प्रयत्न करू नका. पर्यटकांचं दार डाव्या कुशीला, लार्गो बार्जेल्लीनी या बाजूला आहे.

आत गेल्यावर पुष्कळ जण कबरी मोजत फिरतात आणि थकून बाहेर पडतात. मायकलअँजेलो, माक्याव्हेल्ली आणि रोस्सीनी दक्षिणेकडच्या भिंतीला आहेत, गॅलिलिओ त्यांच्या समोर, उत्तरेच्या भिंतीला. दांतेचं भव्य स्मारकही आहे, पण ते रिकामं. तो राव्हेन्नात पुरला आहे. हे सगळं पंधरा मिनिटांत आटपा, कारण या चर्चचं खरं धन पुढे आहे.

मुख्य वेदीच्या उजवीकडे लागून दोन छोटी प्रार्थनागृहं आहेत, बार्दी आणि पेरुत्सी. दोन्ही जॉत्तोने रंगवली. बार्दीतली चित्रं बरीच टिकली आहेत आणि पेरुत्सीतली फिकट पडली आहेत. कारण तंत्रात आहे. बार्दीत ओल्या गिलाव्यावर रंग दिला, तो चुन्याबरोबर भिंतीतच पक्का झाला. पेरुत्सीत बराचसा रंग सुक्या भिंतीवर लावला, तो नुसता वर बसला आणि झडत गेला. दुर्बीण इथे काढा. बार्दीत संत फ्रान्सिसच्या मृत्यूचा प्रसंग शोधा आणि भोवतालच्या भिक्षूंचे हात एकेक करून पाहा. शोक चेहऱ्यांइतकाच हातांतही आहे.

मग वस्त्रागारात चिमाब्वेचा क्रूस. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात आर्नोचं पाणी आणि त्यावर तरंगणारं तेल या चर्चमध्ये शिरलं आणि या क्रुसावरचा सुमारे ६० टक्के रंग वाहून गेला. दुरुस्ती करताना गेलेला भाग नव्याने रंगवून लपवला नाही, रिकाम्या जागा तशाच ओळखू येतात. भोजनगृहात वासारीचं 'शेवटचं भोजन' आहे. तेही त्याच पुरात बुडालं होतं आणि २०१६ मध्ये, पन्नास वर्षांनी, जागेवर परतलं. आता पुन्हा पूर आला तर ते वर ओढून घेण्याची यंत्रणा बसवली आहे.

शेवटी बाहेरच्या अंगणातलं पात्सी प्रार्थनागृह. इथे भित्तिचित्रांची गर्दी नाही, मुख्यतः करडा दगड आणि पांढरी भिंत. दोन मिनिटं बाकावर बसा.

इशारा: प्रार्थना चालू असेल तर वेदीकडचा भाग दोरी लावून बंद करतात. वाद घालू नका, आधी वस्त्रागार आणि अंगण करून परत या.

## ७. १:१५: दुपारचं जेवण, आणि शाकाहाराचे सापळे

सांता क्रोचेच्या चौकातच जेवू नका. पाच-सात मिनिटं पूर्वेला, सांत अंब्रोज्यो बाजाराकडे चाला. स्थानिक लोकांची खानावळं तिकडे आहेत. बाजार सकाळचा असतो आणि दुपारी दोनच्या सुमारास आवरतो. वेळेचं भान ठेवा: अडीचनंतर 'कुचीना क्युज़ा', म्हणजे स्वयंपाकघर बंद, हे उत्तर मिळतं आणि मग पिझ्झाचे तुकडे किंवा सँडविच एवढंच उरतं.

बसल्यावर पूर्ण चार पदार्थांचं जेवण मागवायलाच हवं असं नाही. एक 'प्रिमो', म्हणजे पास्ता किंवा सूप, आणि एक 'कोंतोर्नो', म्हणजे भाजी किंवा कोशिंबीर, एवढं पुरतं.

शाकाहाऱ्यांसाठी हा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे. तोस्काना प्रांताचं साधं जेवण खरं तर शिळ्या पावावर, वालासारख्या पांढऱ्या घेवड्यावर आणि पालेभाजीवर उभं आहे. 'रिबोल्लीता' हे पाव, घेवडा आणि काळसर कोबीची पानं यांचं घट्ट सूप. 'पाप्पा अल पोमोदोरो' म्हणजे टोमॅटोत शिजून गळलेला पाव. 'पान्त्सानेल्ला' म्हणजे भिजवलेल्या पावाची थंड कोशिंबीर, उन्हाळ्यात मिळते. 'फाजोली अल उच्चेल्लेत्तो' म्हणजे टोमॅटो आणि सेजच्या पानांतला घेवडा, आपल्या उसळीचा दूरचा भाऊ.

पण यातल्या प्रत्येकात मांस लपलेलं असू शकतं. सूप मांसाच्या रश्शात शिजवतात, घेवड्यात सॉसेज घालतात. 'क्रोस्तीनी तोस्कानी' हे पावावरचं साधं चाटण वाटतं, ते कोंबडीच्या काळजाचं असतं. काही पावांत डुकराची चरबी, म्हणजे 'स्त्रुत्तो', असते. म्हणून नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. पूर्ण वाक्य म्हणा: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने', म्हणजे मांस नको, मासे नको, मांसाचा रस्सा नको. अंडं चालत नसेल तर 'सेन्त्सा उओवा' जोडा. ताज्या पास्त्यात, म्हणजे ताल्यातेल्ले आणि पाप्पार्देल्ले यांत, बहुधा अंडं असतं. स्पगेत्ती आणि पेन्ने या वाळवलेल्या पास्त्यात बहुधा नसतं. जैन जेवणासाठी 'सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो', कांदा-लसूण नको. परमेसान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटवर जमवतात. ते टाळायचं असेल तर 'सेन्त्सा फोर्माज्यो'.

मांसाहारी पण गोमांस न खाणाऱ्यांनी हे शब्द ओळखून ठेवावेत: 'मान्त्सो' आणि 'बोवीनो' म्हणजे गोमांस, 'व्हितेल्लो' म्हणजे वासराचं, 'मायाले' डुकराचं, 'चिंग्याले' रानडुकराचं, 'पोल्लो' कोंबडी. 'रागू' असलेल्या पास्त्यात जवळपास नेहमीच गोमांस असतं. गाड्यांवर मिळणारं 'लाम्प्रेदोत्तो' म्हणजे गाईचं चौथं जठर, पावात घालून. नाव गोड वाटतं म्हणून मागवू नका.

पाव अळणी लागेल. तो बिघडलेला नाही, तोस्कानात पावात मीठ घालतच नाहीत. खारट चीज किंवा घेवड्याबरोबर खा.

## ८. २:४५: दुओमो, आणि रांग सोडून देण्याचा निर्णय

बाजारापासून पंधरा मिनिटं चालत. चौकात पोहोचल्यावर कॅथेड्रलला वळसा घालून गेलेली रांग दिसेल. ती फुकट प्रवेशाची आहे. आत जायचं की नाही हे रांगेच्या लांबीवर ठरवा. वीस माणसं असतील तर जा, त्याहून जास्त असतील तर सोडा. बाहेरून इतकं नटलेलं हे कॅथेड्रल आतून बरंच मोकळं आहे, कारण त्यातली मोलाची शिल्पं मागच्या संग्रहालयात हलवली आहेत. तासभर उन्हात उभं राहून रिकामी जागा पाहायची आणि मूळ कलाकृती वेळेअभावी सोडायच्या, हा सौदा तोट्याचा.

आधी बाप्तिस्मागृहाच्या पूर्व दारासमोर उभे राहा. सोनेरी दार दिसेल, पण ती प्रतिकृती आहे. आतल्या मोझेकच्या दुरुस्तीचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. मचाण उभं असेल तर आत पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

मग कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, पूर्वेला, संग्रहालय. तळमजल्यावर त्या सोनेरी दाराचं मूळ रूप, शिल्पकार गिबेर्तीची 'स्वर्गद्वारं', काचेआड आहे. त्यांचं काम १४२५ ते १४५२ असं सत्तावीस वर्षं चाललं. प्रत्येक चौकटीत पुढच्या आकृती जवळपास सुट्या उभ्या राहतात आणि मागच्या पातळ होत होत धातूत विरतात. बाजूला सरकून, प्रकाश तिरपा पडेल अशा जागी उभं राहिलात तर हे चटकन दिसतं. दोनातेल्लोची लाकडी मॅग्डालेन जवळच. शेवटी मायकलअँजेलोची उतारवयातली 'पिएता' (मृत ख्रिस्ताला सावरून धरल्याचं शिल्प), जिच्यात वरचा टोपीवाला म्हातारा त्याचाच चेहरा घेऊन उभा आहे. हे शिल्प त्याने स्वतः हातोड्याने फोडायला घेतलं होतं. ख्रिस्ताचा डावा पाय आजही नाही.

वरच्या गच्चीवर जायला विसरू नका. घुमट हाताच्या अंतरावर दिसतो आणि ४६३ पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

घुमट चढणार असाल तर वेळ ४:३० ची घ्या, त्याआधी संग्रहालय. दार कॅथेड्रलच्या उत्तर बाजूला आहे. जिना अरुंद आहे आणि मधून परत फिरणं अवघड. बंदिस्त जागेची भीती वाटत असेल किंवा हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर जाऊ नका.

तपासा: पाच वाजता तुम्ही मोकळे आहात ना? नसाल तर पुढचा टप्पा पायी न करता बसने करा.

जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, आता. खरं आणि खोटं रंगावरून ओळखा. पिस्ता मळकट हिरवा-तपकिरी आणि केळं करडं-पांढरं असलं पाहिजे. पोपटी पिस्ता आणि हळदी केळं, त्यातही डोंगरासारखे रचलेले ढीग, म्हणजे रंग आणि हवा. किंमत फळ्यावर पाहूनच मागा.

## ९. ५:३०: सान मिनियातो आल मोंते

नदीपलीकडच्या टेकडीवर. पोंते आल्ले ग्रात्सिए पुलावरून चालत अर्धा-पाऊण तास, शेवटचा भाग चढाचा. चढ नको असेल तर १२ क्रमांकाची बस. टॅक्सी रस्त्यात हात करून थांबत नाही, ती ठरलेल्या थांब्यावरून किंवा फोनवरून घ्यावी लागते.

पियात्साले मायकलअँजेलो या गर्दीच्या गच्चीवर थांबून राहू नका. आणखी दहा मिनिटं वर चला. तोच देखावा शांततेत मिळतो. चर्च अकराव्या शतकातलं, पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचं. मधल्या वाटेवर जमिनीत १२०७ सालचं राशिचक्र जडवलेलं आहे. चटकन दिसत नाही, पायाखाली पाहत चाला. संध्याकाळच्या प्रार्थनेत इथले भिक्षू ग्रेगोरियन पद्धतीने गातात. वेळ ऋतूनुसार बदलते, दारावरच्या फळ्यावर लिहिलेली असते. बसायचं असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसा, फोन बंद. मधेच उठणं तिथे फार खटकतं.

कोल्हापूरकर इथे हमखास विचारतात: राजाराम महाराजांचं स्मारक कुठे? करवीरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात वारले. वय फक्त वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि तिथे १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला. ते ठिकाण काशीने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला, आजच्या दिवसाच्या बरोबर उलट दिशेला आहे. संध्याकाळी घाईने जायला जाल तर अंधार होईल. त्यासाठी दुसरी सकाळ ठेवा आणि सायकल घ्या. उद्यान तीन किलोमीटरहून लांब आहे.

## १०. रात्री ८: जेवण आणि बिल

टेकडीवरून पायऱ्यांनी खाली उतरलं की सान निक्कोलो वस्ती लागते. जेवण तिथेच ठरवा, म्हणजे पुन्हा शहर ओलांडावं लागत नाही. साडेसातच्या आधी स्वयंपाकघर सुरू होत नाही. सात वाजता गरम जेवण देणारं ठिकाण बहुधा फक्त पर्यटकांसाठीच असतं. दारात उभं राहून हात धरून बोलावणारा माणूस आणि सात भाषांतला फोटोंचा मेनू दिसला तर पुढे चला.

पाणी मागितलं की बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. साधं हवं तर 'नातुराले', सोड्यासारखं हवं तर 'फ्रित्सान्ते'. मासे किंवा 'बिस्तेक्का' (गोमांसाचा जाड काप) यांच्यापुढे किंमत शंभर ग्रॅमची किंवा किलोची असते, ताटाची नव्हे. बिस्तेक्का एक किलोच्या खाली सहसा कापतच नाहीत, तेव्हा वजन आधी विचारा.

बिलात 'कोपेर्तो' दिसेल. माणशी दोन-तीन युरो, पाव आणि टेबलाचे. ती फसवणूक नाही, मेनूवर छापलेली असते. 'सेर्वित्सियो' वेगळं लावलं असेल तर वर टीप देऊ नका. नसेल तरी सक्ती नाही, एक-दोन युरो ठेवले की पुरे. बिल आपणहून आणत नाहीत, 'इल कोन्तो' म्हणून मागावं लागतं. रात्रीची गाडी असेल तर ती सुटण्याच्या सव्वा तास आधी मागा. स्टेशनपर्यंत पायी जायलाच अर्धा तास लागतो.

आणि गाडीच्या तिकिटावरचं स्टेशन वाचा. जुन्या शहराला लागून आहे ते 'फिरेन्झे सांता मारिया नोवेल्ला' (फिरेन्झे हे फ्लॉरेन्सचं इटालियन नाव). 'काम्पो दी मार्ते' आणि 'रिफ्रेदी' ही वेगळी स्टेशनं आहेत. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात टाकून शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो.